व्याख्यानमालेत राजकारण नको, मग विचारवंत बोलवायचा कशाला?

कातळफूल (धागा सुरू करणारी) – शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. नाव सांगत नाही, उद्या सकाळी मला त्याच पाणंदीने, त्याच माणसांसमोरून जायचं आहे. गावात जुनं वाचनालय आहे, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर. कार्यकारिणीत माझं हे नववं वर्ष. दर डिसेंबरात आम्ही तीन दिवसांची व्याख्यानमाला घेतो. तेव्हा भात घरात आलेलं असतं आणि आंब्याच्या फवारण्यांची घाई अजून अंगावर आलेली नसते. शंभर-सव्वाशे माणसं येतात. आमच्या वस्तीच्या मानाने ही गर्दीच.

या वर्षी दुसऱ्या दिवशी एक निवृत्त प्राध्यापक येणार होते. विषय त्यांनीच दिला होता, ‘ग्रामसभा: आपला अधिकार, आपली जबाबदारी’. पत्रिका छापून झाल्या आणि परवा तातडीची सभा लागली. एका देणगीदाराचा फोन आला होता म्हणे. सडा, म्हणजे गावाबाहेरचा उघडा कातळ, मोजायला माणसं येऊन गेल्यापासून गावात जमिनीचे व्यवहार चालू आहेत, अशा वेळी ग्रामसभेवर बोलणं म्हणजे राजकारण. दीड तास चर्चा झाली. अकरापैकी नऊ जणांनी ठरवलं की सरांना विषय बदलायला सांगायचं, नाहीतर दुसरा वक्ता बघायचा. पर्यायी विषयही तिथेच ठरला, ‘तणावमुक्त जीवन’. विरोधात मी आणि आमचे ग्रंथपाल.

सभेत मी शांत होते. सभा संपल्यावर खुर्च्या उचलताना वर लक्ष गेलं आणि मग मात्र डोळ्यांत पाणी आलं. भिंतीवर फोटो आहेत. बाळशास्त्री जांभेकर, लोकमान्य, गोखले, अण्णासाहेब कर्वे, साने गुरुजी, बाबासाहेब. दर जयंतीला आम्ही हार घालतो. दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन करतो, कारण १८३२ साली त्या दिवशी पोंभुर्ल्याच्या जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. पण श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून जातीत घ्यावं म्हणून हेच जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांचा केवढा रोष त्यांनी ओढवून घेतला, हे आमच्या भाषणांत कधी येत नाही. अण्णासाहेबांनी १८९३ साली देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. घरच्यांनासुद्धा त्यांच्यापासून लांब राहावं लागलं. पालगडच्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं, ते विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून. महाडच्या तळ्याचं तर सांगायलाच नको.

यांतला एकही माणूस आज आमच्या पत्रिकेवर बसला नसता. प्रत्येकाला विषय बदलायला सांगितला असता.

मला खरंच विचारायचं आहे. कोकणाने एवढी विचार करणारी माणसं दिली असं आपण अभिमानाने सांगतो. आज आपल्या गावाला विचारवंत कशासाठी हवा आहे? तो कुणाशी बोलायला हवा? तुमच्या गावचे अनुभव लिहा.


खाडीपलीकडे – शुक्रवार, रात्री १०.१५

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी निवृत्त शिक्षक, वय ७४, वेंगुर्ले तालुका.

लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून नाथ पैंची सभा ऐकली आहे. विषय आता आठवत नाही, मैदानातली शांतता आठवते. वेंगुर्ल्यात जन्मलेला हा माणूस १९५७, १९६२ आणि १९६७, तीन वेळा राजापूरमधून लोकसभेवर गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं. त्यानंतर १९७१ ते १९९१ मधू दंडवते, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे चौतीस वर्षं या मतदारसंघातल्या शेतकऱ्या-खलाशांनी विचार मांडणारा माणूस निवडून दिला. लोकांना विचार कळत नाही, लोकांना फक्त रस्ता आणि दिवे हवेत, हे मला कुणी सांगू नये. मी पाहिलंय.

आणखी एक. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. आणीबाणी चालू, व्यासपीठावर सत्तेतली माणसं. तिथून त्या आणीबाणीच्या विरोधात बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्यांनाही कुणीतरी ‘साहित्यावरच बोला’ म्हणून सुचवलं असेलच. तुमचे प्राध्यापक काय म्हणाले? विषय बदलला त्यांनी?


कातळफूल – शुक्रवार, रात्री १०.३२

नाही गुरुजी. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, “तुम्हाला त्रास होणार असेल तर मी येत नाही, पण विषय मात्र बदलणार नाही.” मी त्यांना दोन दिवस मागून घेतले आहेत.


विरार लोकल – शुक्रवार, रात्री ११.५०

मी राजापूर तालुक्यातला, पोटापाण्यासाठी विरारला. हे लिहिलेलं कुणाला लागेल, पण मनात आहे ते लिहितो.

मला विचारवंतांचा राग आहे. २०११ ला जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वेळी आणि २०२३ ला बारसूच्या रिफायनरीच्या वेळी मी गावाला होतो. मोठी मोठी माणसं आली. निवृत्त न्यायाधीश, प्राध्यापक, लेखक. चांगलं बोलली, आमच्या बाजूने बोलली. बायाबापड्यांना धीर आला, हे मी नाकारत नाही. पण संध्याकाळी गाड्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलाचा निरोप कुणाला आला? माझ्या चुलत भावाला. त्याच्यावर अजून केस आहे, तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, वकिलाचे पैसे वेगळे. जैतापूरजवळच्या नाटे गावात १८ एप्रिल २०११ ला गोळीबारात आमच्यातला एक मच्छीमार गेला. त्याच्या घरी आज कोण जातं?

दुसरीकडचेही तसेच. टीव्हीवर बसून आम्हाला ‘विकासविरोधी’ म्हणणारे कधी एप्रिलच्या उन्हात कातळावर बसले नाहीत. बारसूच्या कातळावर बायका तापल्या दगडावर पडून राहिल्या होत्या. त्यांना कुणीतरी भडकवलंय म्हणे. म्हणजे आमच्या आईला स्वतःचं डोकंच नाही, ती एकतर याच्या नादाला लागते नाहीतर त्याच्या. दोन्ही बाजूंचे शहाणे आमच्याबद्दल बोलतात. आमच्याशी बोलणारा कमी.

आणि जो गावात राहून लिहितो त्याचं काय होतं तेही सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरीवर लिहिणाऱ्या पत्रकाराच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी तो गेला, खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याने बातमी दिली होती ती त्या गाडीवाल्याचीच. तो काही व्याख्यान देणारा विचारवंत नव्हता. रोजची बातमी देणारा होता. माझ्या हिशेबी विचारवंत तो.


वाऱ्याची दिशा – शनिवार, सकाळी ७.०५

विरार लोकल, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलो. सहमत.


टर्बाइन – शनिवार, सकाळी ९.२०

माझं मत वेगळं आहे आणि ते इथे मांडायला परवानगी असावी. मी अभियंता, मूळ गाव गुहागर तालुका, सध्या पुण्यात.

आमच्या वाडीतली शाळा पट नसल्यामुळे बंद झाली. सत्तावीस घरांपैकी एकोणीस घरांना गणपती सोडला तर कुलूप. मोठं काही यायचं म्हटलं की आमचे विचारवंत विरोधाला उभे. मला त्यांनी एकदा तरी सांगावं की मग काय यावं? आंबा, काजू, पर्यटन हे ऐकून मी मोठा झालो आणि तेच ऐकत पुण्याला आलो. जैतापूरच्या बाजूने डॉ. अनिल काकोडकरांनी मांडणी केली होती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष राहिलेले शास्त्रज्ञ, पण आमच्या गावात त्यांना कुणी विचारवंत म्हणालं नाही. सरकारच्या बाजूने बोलला की तो विचारवंत उरत नाही का? टीका करणं हाच विचाराचा पुरावा झाला तर टीकाही सवयीची होते. बोलणारा माणूस काय बोलणार हे आधीच माहीत असेल तर मी ऐकायला कशाला येऊ?

कातळफूलताई, तुमच्या प्राध्यापकांनी बोलायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण पुढच्या वर्षी दुसरी बाजू मांडणाऱ्यालाही बोलवाल का?


कातळफूल – शनिवार, दुपारी १.१०

टर्बाइन, बोलवू. मनापासून सांगते. आमच्याच पडवीत, त्याच माइकवर. तुमची कुलूपबंद घरांची गोष्ट माझ्याही वाडीची आहे, आणि ‘मग काय यावं’ या प्रश्नाला आमच्या बाजूच्या लोकांनी पुरेसं उत्तर दिलेलं नाही, हे मला मान्य आहे.

पण तुम्ही गुहागरचे, म्हणून तुमच्याच अंगणातलं उदाहरण देते. एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प. १९९२ साली करार ठरायला लागला. तेव्हा ‘प्रगती की विरोध’ एवढीच भांडणं सगळ्यांना ऐकू येत होती. पुण्यातल्या ‘प्रयास’ गटाने मात्र शांतपणे बसून कराराचा हिशेब मांडला. वीज घेतली नाही तरी राज्य वीज मंडळाला ठरावीक पैसे मोजावेच लागणार, इंधन डॉलरमध्ये, परतावा डॉलरच्या हिशेबाने, आणि एवढी महाग वीज घेणारं गिऱ्हाईक नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला, १९९६ मध्ये पुन्हा झाला. २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने जे लिहिलं, ते आधी सांगणाऱ्यांच्या म्हणण्याशी जुळणारं होतं. गोडबोले काही चळवळीतले नव्हते. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस, सरकारनेच नेमलेला, आणि तरी त्यांनी कागदात दिसलं ते लिहिलं.

मला याला टीका म्हणावंसं वाटतं. घोषणा दोन्ही बाजूंना होत्या, करार वाचलेली माणसं मोजकीच होती. वेलदूर-अंजनवेलच्या कोळणींनी लाठ्या खाल्ल्या तेव्हा त्यांच्या हातात हा हिशेब मराठीत, सोप्या भाषेत असता तर? या प्रश्नाने मला वर्षानुवर्षं छळलंय. हिशेब झाला होता, पण तो गावापर्यंत यायला फार उशीर झाला. त्यात वाचनालयांचाही दोष आहे. आमचं वाचनालय तेव्हाही होतं.


तळकोकणी – शनिवार, दुपारी ३.४५

माका शुद्ध लिवूक येना नाय, मालवणीतच लिवतंय. दोडामार्ग.

माधव गाडगीळांची पश्चिम घाटाची समिती २०१० साली नेमली. हय आमच्याकडे माणसां फिरली, लोकांक इचारल्यानी. सावंतवाडी-दोडामार्गातल्या पंचवीसेक ग्रामसभांनी ठराव करून सांगितल्यानी की आमचो गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, आमका खाण नको. कोणी शिकवक नाय, डोंगर गेलो की पाणी जाता ह्या आमका ठावक आसा. अहवाल २०११ च्या ऑगस्टात दिल्यानी. सरकारान तो दाबून ठेयलो. माहिती आयोग, मगे दिल्ली उच्च न्यायालय, तेवा २०१२ च्या मे महिन्यात भायर इलो. तोय इंग्रजीत. आमी ठराव केलेलो मराठीत आणि आमच्याबद्दलचो अहवाल इंग्रजीत!

गाडगीळ पुन्हा पुन्हा सांगत ऱ्हवले, ह्या मराठीत करा, दर ग्रामसभेत वाचा, लोकांक काय होया ता लोक ठरवतले, मी ठरवचंय नाय. ह्या माका लय मोठा वाटला. येवढो शिकलेलो माणूस म्हणता माझा म्हणणा शेवटचा नाय. पन गावात काय पसारला? ‘गाडगीळ इलो तर घराक चिरो लावूक गावचो नाय, कलमा तोडूक गावची नाय.’ अहवालात काय आसा ता कोणी वाचलाच नाय तर लोक भियातलेच.

मगे २०२१ च्या जुलयत कळण्याक खाणीचो बांध फुटलो, लाल चिखल बागायतीत. तेवा लोक म्हणूक लागले, गाडगीळ खरा सांगी होतो. तवसर काय उपयोग.


वाऱ्याची दिशा – शनिवार, दुपारी ४.३०

तळकोकणी यांच्या मुद्द्याला जोडून. गाडगीळांनी त्याच अहवालात लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने एक हिशेब दिला आहे. २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली एकूण १९१ दिवस जमावबंदी होती. प्रदूषणाबद्दल लोकांना काय वाटतं हे शोधायला गेलेल्या शास्त्रज्ञाने नदीतले मासे मोजले, तसेच लोकांना एकत्र जमायला बंदी असलेले दिवसही मोजले. मी रसायनांच्या क्षेत्रात काम करतो, वसिष्ठीच्या काठावर राहतो. हा आकडा वाचला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण गप्प आहोत ते नुसत्या आळसामुळे नाही.


मिरजोळी रोड – शनिवार, रात्री ८.१५

मी चिपळूणची, शिक्षिका. नाव मुसलमान आहे एवढं सांगितलं तरी पुरे. कातळफूलताईंच्या भिंतीवर एक फोटो नाही, त्याबद्दल लिहिते.

हमीद दलवाई. मिरजोळीत १९३२ साली जन्म. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान बायकांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. सात बाया. आज सात हजारांच्या मोर्चाची बातमी होत नाही, त्या सातांची साठ वर्षांनी आठवण निघते आहे. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ. १९७७ मध्ये पंचेचाळिशीही पुरी न होता गेले.

जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला अखिल भारतीय संमेलन झालं. ग्रंथदिंडी दलवाईंच्या घरापासून निघावी असा बेत होता. तो बारगळला, कारण आमच्याच समाजातून विरोध झाला. त्याच संमेलनाच्या पत्रिकेवर परशू छापल्यावरून दुसरा वाद झाला, तो वेगळ्या लोकांचा. मी त्या वर्षी स्वयंसेवक होते. दोन्ही वाद बघत होते आणि मला लाज वाटत होती, दोन्हीची.

पण मला फक्त लाज सांगायची नाही. एक अडचणही सांगायची आहे, आणि ती कृपया समजून घ्या. माझ्या घरात, माझ्या मोहल्ल्यात मला पुष्कळ काही बोलायचं आहे. मुलींच्या शिक्षणावर, लग्नांवर, वाटण्यांवर. पूर्वी मी बोलत असे. आता बोलले की माझं वाक्य दुसऱ्या दिवशी असल्या माणसांच्या मोबाइलवर दिसतं, ज्यांना माझ्या मुलीच्या शिक्षणाशी काही घेणं नाही, त्यांना फक्त आमच्याकडे बोट दाखवायला माझं वाक्य हवं असतं. मग माझे भाऊ म्हणतात, बघ, तू त्यांच्या हातात काठी दिलीस. दलवाईंनाही हे भोगावं लागलं असणार. त्यांची टीका मात्र एकट्या मुसलमानांवर नव्हती. हिंदू जमातवादावरही ते तितकंच कडक लिहीत. ते अर्धं लिखाण दोन्हीकडचे लोक सोयीने विसरले. स्वतःच्या घरावर टीका करायला आधी घर सुरक्षित लागतं. ज्यांच्या घराला कुणी धक्का लावणार नाही, त्यांना हे सहज लक्षात येत नाही.

तरी मी बोलणार आहे. पुढच्या महिन्यात शाळेच्या माता पालक सभेत बोलणार आहे, आणि मोबाइल बाहेर ठेवायला सांगणार आहे.


खाडीपलीकडे – शनिवार, रात्री ८.४०

बेटा, शाब्बास. या वयात दुसरं काय म्हणू. तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला.


चवदार – रविवार, सकाळी ८.००

मंडणगड तालुका. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या तालुक्यातलं.

धागा चांगला चालला आहे, पण ‘कोकणाने विचारवंत दिले’ हे वाक्य मला नीट तपासायचं आहे. कुणी दिले, आणि कुणाला? भिंतीवरच्या फोटोंत बाबासाहेब सोडले तर बाकी एका जातीचे. आमच्या बाजूच्या एका वाचनालयात बाबासाहेबांचा फोटो १९९१ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी लागला, तोही आमच्या वाडीतल्या पोरांनी नेऊन दिला तेव्हा. त्याआधी आमच्या आजोबांना त्या वाचनालयाच्या पडवीतून पेपर वाचायला मिळायचा, आत जायचं नाही.

महाडला २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्यायले आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं कमी जण सांगतात. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतला होता. महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. कागद होता, पाणी मात्र नव्हतं. त्या कागदाचं पाणी करायला माणसांना चालत जावं लागलं. आणि सत्याग्रहाच्या पुढेमागे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे असे वरच्या जातींतले लोक जवळ उभे होते, त्यांनीही आपल्या माणसांचा राग झेलला. टर्बाइन यांना कोणता विचारवंत ऐकावा असा प्रश्न पडला होता. मला विचाराल तर असा, ज्याच्या बोलण्याने त्याचंही काहीतरी जातं.

दुसरं उदाहरण खोतीचं. आमचे पूर्वज खोताच्या जमिनीत राबले, अर्धं पीक वाहून दिलं, वर वेठ. १९३३ ते १९३९ अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला. सहा वर्षं जमीन कसली नाही. जंगलातली लाकडं विकून पोटं भरली. बाबासाहेब त्यांच्या सभांना गेले आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक घेऊन विधिमंडळात उभे राहिले. तेव्हा ते झालं नाही, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आगरी-कुणबी कुळं आणि महार कुळं एका बाजूला, हे तेव्हा घडलं. विचारवंताने उपाशी माणसाला त्याच्या भुकेचं कारण सांगितलं आणि मग त्या कारणावर कायद्याचा मसुदा लिहिला. नारायण नागू पाटलांचा फोटो किती वाचनालयांत आहे, मोजून सांगा.

आता आजचं. आमच्या वाडीतली तरुण मुलं बाबासाहेबांच्या नावाने रात्रभर डीजे लावतात. त्यांना मी २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचून दाखवतो. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असं ते त्यात सांगतात. मुलं ऐकतात, मग म्हणतात, काका, हे दुसऱ्यांच्या नेत्याला लागू आहे. मी म्हणतो, नाही रे बाबांनो, आपल्यालाही. तेव्हा मला माझ्याच वाडीत वाईटपणा येतो. तो घेतो.


संपादक मंडळ – रविवार, सकाळी १०.१०

एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. त्यात धागाकर्तीच्या गावाचा अंदाज बांधून काही व्यक्तींची नावं घेतली होती. कृपया तसं करू नये. ‘फुरोगामी’ आणि ‘भक्त’ हे दोन्ही शब्द वापरून कुणाला हाक मारू नये. चर्चा चालू राहू द्या.


टर्बाइन – रविवार, दुपारी १२.२५

चवदार आणि मिरजोळी रोड, तुमचे प्रतिसाद वाचून मी आज सकाळी आईला फोन केला. एन्रॉनच्या वेळी मी पाचवीत होतो. आई म्हणाली, तेव्हा वाडीत सभा झाली होती, साहेब लोक येऊन गेले, नोकऱ्या मिळतील म्हणाले. तुझ्या बाबांनी विचारलं होतं, किती? तर उत्तर मिळालं, अंदाजे सांगता येणार नाही. मग बाबा पुन्हा कुठल्याच सभेत बोलले नाहीत.

माझा प्रश्न मी मागे घेत नाही. कोकणात काय यावं हा प्रश्न उभा आहेच. पण ‘किती?’ हे विचारणारा माणूस वाडीत होता आणि त्याच्या पाठीशी कुणी उभं राहिलं नाही, हे मला माहीत नव्हतं. माझ्याच घरातला माणूस.

ताई, तुमच्या व्याख्यानाला मला यायचं आहे. होणार आहे का ते?


विरार लोकल – रविवार, दुपारी २.००

टर्बाइनभाऊ, मी पण येईन म्हणतो. रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघालो तर सकाळी पोचतो. वाद घालू आपण, समोरासमोर.

एक भीती विचारतो. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आमच्या भावाच्या गटात तेव्हापासून लोक म्हणतात, आता सभेला नाव लावू नको, सहीला पुढे होऊ नको. कायदा नेमका कुणासाठी आहे हे वाचून सांगणारा कोणी नाही, म्हणून प्रत्येकाला तो आपल्यासाठीच वाटतो. प्राध्यापकांना यावरही थोडं विचाराल का?


कातळफूल – सोमवार, रात्री १०.०५

उशीर झाला, दोन दिवस धावपळ होती.

शनिवारी रात्री हा सगळा धागा मी ग्रंथपालकाकांना वाचून दाखवला. रविवारी आम्ही दोघं नऊ जणांपैकी सहा जणांच्या घरी गेलो. भांडायला नाही. एकाच्या घरी चहा, एकाच्या घरी घावणे. मला वाटलं होतं की सगळे देणगीदाराला घाबरले आहेत. तसं नव्हतं. एकाच्या मुलाला तात्पुरती नोकरी लागणार आहे. एकाच्या जमिनीत सामाईक खातं आहे, सह्या अडकल्यात. एक वहिनी म्हणाल्या, “गं, मागच्या शिमग्याला पालखीवरून आमच्या घराला गावकीने बाजूला ठेवलं. आता पुन्हा कशात नाव नको.” सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “कायदा आहे, पण खांदा द्यायला गावच लागतं ना.” यावर मला काही बोलता आलं नाही. मी सभेत त्यांना मनातल्या मनात भित्र्या म्हटलं होतं, ते मागे घेते.

वाचनालयाची पडवी मिळणार नाही. तिथे ‘तणावमुक्त जीवन’च होईल, आणि मी खुर्च्या मांडायला जाईन.

प्राध्यापकांचं व्याख्यान त्याच दिवशी दुपारी साडेतीनला, बौद्धवाडीच्या समाजमंदिरात. वाडीने आपण होऊन जागा दिली. चवदार, तुमचा प्रतिसाद मी तिथे वाचला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “पडवीतला पेपर आम्ही पण वाचलाय.” सहा जणांपैकी तिघांनी येतो म्हटलंय, वहिनी त्यांत आहेत. सर तासभर बोलतील, मग दीड तास प्रश्न. ग्रामसभेला गणपूर्ती किती लागते, म्हणजे मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण यांतली जी कमी असेल ती, महिलांची सभा आधी का घ्यायची, ठरावाची नक्कल कशी मागायची, हे ते फळ्यावर लिहून सांगणार आहेत. मी सांगितलंय, सगळं मराठीत, आणि एक पानभर छापून घरोघरी द्यायला. विरार लोकल, तुमचा कायद्याचा प्रश्न त्यांना कळवला. ते म्हणाले, वाचून येतो, न वाचता बोलणार नाही.

टर्बाइन, पुढच्या वर्षीचं तुमचं आमंत्रण पक्कं समजा, पण या वर्षी प्रश्न विचारायला या. ‘किती?’ हाच विचारा.

मिरजोळी रोड, तुमची सभा झाली की लिहा. मोबाइल बाहेर ठेवायची युक्ती आम्हीही करणार आहोत, दाराशी टोपली ठेवतोय.

येणाऱ्यांसाठी: शेवटची एसटी संध्याकाळी सव्वासातला तिठ्यावरून सुटते, समाजमंदिरापासून तिठा वीस मिनिटं चालत. वाटेत व्हाळ आहे, डिसेंबरात घोट्यापर्यंत पाणी असतं, चप्पल हातात घ्यावी लागेल. राहणार असाल तर मला निरोप करा, आमच्याकडे चार माणसांची सोय होते. पेज आणि सुकट असेल.